बावीस नंबरची पकड

सोमवार, ३ जुलै

आजपासून दोन वह्या. एक डॉक्टरीणबाईंनी दिलेली, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात तारीख, किती मुली आल्या, कोणता व्यायाम किती वेळा झाला, एवढंच लिहायचं. मत लिहू नका, असं त्यांनी बजावलं आहे. मत लिहायचं नाही तर ते ठेवायचं कुठे? म्हणून ही दुसरी, माझी.

चोवीस वर्षं मी या शाळेत मुलींना कवायत शिकवते. कवायतीचा तास म्हणजे कोणीही उसना न्यावा आणि परत करू नये असा तास. गणित मागे पडलं, घ्या कवायतीचा तास. पाहुणे येणार, कवायतीच्या मुली खुर्च्या लावतील. मुली मला शिट्टीबाई म्हणतात. ते मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पाटावर बसली ती उठेचना. पडली नव्हती, काही मोडलं नव्हतं, मांड्यांत बळच उरलं नव्हतं. तिला बघायला आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात स्नायू नव्याने जमवणं फार जड जातं, ते चौदा-पंधराव्या वर्षी जमवून ठेवायचे असतात. मग म्हणाल्या, हल्ली त्यांच्याकडे त्याच वयाच्या मुली येतात, रक्तात साखर वाढलेली आणि हातात भरलेली बादली उचलायचं त्राण नाही. मी म्हटलं, अशा मुली माझ्याकडे शेकड्याने आहेत. तिथून हे सुरू झालं.

बैठकीत मुख्याध्यापिका कचरत होत्या. मुलींनी वजनं उचलायची म्हटल्यावर पालक काय म्हणतील? तेव्हा मापबाई उभी राहिली. मापबाई म्हणजे गृहशास्त्राच्या बाई, माझी एकोणीस वर्षांची मैत्रीण. मोजायचे चमचे पर्समध्ये घेऊन फिरते, म्हणून मुलींनी ठेवलेलं नाव. ती म्हणाली, "पालकांचं मी बघते. माझी स्वतःची मुलगी नववीत आहे, तिचं नाव आधी लिहा."

झालं. नववीच्या चाळीस मुली, आठवड्याला दोन तास, आणि सभागृहामागची मोडक्या बाकांची खोली.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग ती बाकं कुठे टाकणार?

गुरुवार, ६ जुलै

शाळेने डंबेल घ्यायला नकार दिला. मापबाई म्हणाली, नकार दिला तर दिला, वाळू कुठे विकत आणायची आहे? दुपारभर गृहशास्त्राच्या खोलीत बसून तिने मशिनवर जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. मी वाळू चाळून भरत होते, ती तराजूत तोलत होती. दोन किलो म्हणजे दोनच किलो. चार चमचे वाळू जास्त झाली तर काढायला लावायची. मी म्हटलं, अगं, वाळू आहे, केक नाही. ती म्हणाली, मुलींना आज दोन सांगून अडीच द्यायचे नाहीत, फसवल्यासारखं होतं.

तिची मुलगी शाळा सुटल्यावर मदतीला आली. घरात तिला काडी म्हणतात, जन्मापासून तशीच बारीक. मला बाहेर मावशी म्हणते, शाळेत बाई म्हणायचं विसरते आणि मग जीभ चावते. आज पिशव्यांवर रंगाने आकडे तिने घातले. अक्षर आईसारखंच.

मंगळवार, ११ जुलै

मोजणीचा दिवस. डॉक्टरीणबाईंनी पकड मोजायचं यंत्र आणलं होतं. मुठीत धरून जीव खाऊन दाबायचं, काटा किलोत ताकद दाखवतो. प्रत्येकीला नंबर दिला, नावं त्यांच्या कपाटात कुलुपात. काटा मी वाचायचा, त्यांनी लिहायचा. माझ्याकडून एका कागदावर सही घेतली, की इथे पाहिलेलं, ऐकलेलं या खोलीबाहेर नेणार नाही. मी सही केली. सह्या करायला मला कधी वेळ लागत नाही.

टाकी म्हणून एक मुलगी आहे. नाव वर्गाने ठेवलंय, तीही ते मिरवते. अंगाने दुप्पट. तिने यंत्र दाबलं आणि काटा एकतीसवर. मी पुन्हा दाबायला सांगितलं, बत्तीस. डॉक्टरीणबाई हसल्या. टाकी म्हणाली, घरी तीन भावंडांना कडेवर घेऊन मीच फिरते, बाई.

काडीचा काटा तेरावर थांबला. तीनदा केलं, तेराच. तिचा नंबर बावीस.

पोटाचा घेर, वजन, उंची झाली. रक्त उद्या सकाळी, उपाशीपोटी.

शुक्रवार, २१ जुलै

पाकिटं आली. बंद, नंबर घातलेली, पालकांनीच उघडायची. पण कोणत्या मुलींना हलक्या वजनाने सुरुवात करायची हे मला कळायला हवं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तीन नंबर सांगितले. सात, छत्तीस आणि बावीस.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बावीस तर काडी आहे. तिच्या अंगावर मांस नाही, चरबी कुठून येणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक दिसणं आणि निरोगी असणं एक नाही. खाल्लेली साखर साठवायचं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात हिंडत राहते, आणि चरबी वरून न दिसता आत पोटात बसते. चाळीस मुलींत सगळ्यात वाईट आकडे बाविसाचे. आणि टाकीचे बरे. अजून काही बिघडलेलं नाही, नीट खाल्लं, ताकद वाढली तर वर्षभरात साखर खाली येईल, असंही म्हणाल्या.

दिवसभर डोकं भणभणत होतं. जी बाई अख्ख्या शाळेला चमचा चमचा मोजून खायला शिकवते, तिच्या घरात हे. चहाच्या सुट्टीत चित्रकलेच्या बाई शेजारी होत्या. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, दिव्याखाली अंधार, दुसरं काय. त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, जगाला मोजून खायला शिकवायचं आणि स्वतःच्या लेकीच्या... तिथेच थांबले. नाव घेतलं नाही, आकडा सांगितला नाही. त्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. अर्धं वाक्य, तेवढंच. मन जरा हलकं झालं.

बुधवार, २६ जुलै

पाच दिवस झाले, मापबाई पाकिटाबद्दल अवाक्षर बोलत नाही. मी दोनदा विषय काढला, काडी कशी आहे, जेवते ना. ती म्हणाली, बरी आहे. एकोणीस वर्षांत माझ्यापासून तिने काही लपवलं नव्हतं. तिचं बाळंतपण मी केलं. आई न्हाणीघरात अडकली त्या दिवसापासून महिनाभर डबा तिच्या घरून आला. आणि आता एक पाकीट सांगवत नाही? मनाला लागलंच.

मंगळवार, ८ ऑगस्ट

वर्ग झकास चाललाय. पहिल्या दिवशी मी उठाबशा म्हटलं तर चाळीस तोंडं पडली. एक म्हणाली, बाई, आम्ही काय केलं? त्यांच्या लेखी उठाबशा म्हणजे शिक्षा. मी म्हटलं, शिक्षा तीच, कारण वेगळं. आता आपणहून पाच जास्त काढतात. भिंतीवर हात टेकून जोर, वाळूची पिशवी छातीशी धरून चालणं, दोरी ओढणं. टाकी सगळ्यांची म्होरकी झाली आहे.

दर आठवड्याला खाण्याच्या वह्या बघते. बहुतेकींची सकाळ चहा-बिस्किटावर निघते, दुपार वेफर्सवर. टाकीने लिहिलंय, 'तीन बिस्किटं. मग उरलेला पुडा.' प्रामाणिक आहे. काडीची वही बघून डोळे निवले. दूध एक पेला, अंडं एक, डाळ एक वाटी, शेंगदाणे वीस. रोज तेच, एकाच शाईत, एका रेषेत. मी वर्गाला वही उंच धरून दाखवली, की बघा, वही अशी हवी.

खोलीतला दिवा आज लागेना. मधल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दिवा असून अंधार." अख्खा वर्ग फुटला. मीही हसले. घाम गाळताना हसू हवंच. काडी तेवढी भिंतीकडे तोंड करून जोर काढत राहिली. अभ्यासू मुली अशाच, विनोद त्यांना उशिरा कळतो.

गुरुवार, २४ ऑगस्ट

मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दुसऱ्या शाळेच्या बाई वर्ग बघायला येणार आहेत. मी मापबाईला सांगायला गेले, तिने मान हलवली आणि वह्या तपासत राहिली. हल्ली चहालाही येत नाही, थर्मास घेऊन तिच्या खोलीत बसते.

लिहू नये, पण लिहिते. मला वाटतं तिला पोटात दुखतंय. इतकी वर्षं शाळेत आरोग्याचा शब्द तिचा होता. आता लोक माझ्याकडे येऊन विचारतात, अंडं कधी द्यायचं. माणसाला मैत्रिणीचं दुःख सोसतं, भलं सोसत नाही, असं आई म्हणते ते खोटं नाही.

गुरुवार, ७ सप्टेंबर

आज काडी पडली.

तासाच्या सुरुवातीला मी नेहमीसारखं विचारलं, खाऊन आलात? सगळ्या एका सुरात हो म्हणाल्या. उठाबशांची तिसरी फेरी चालू होती. काडी खाली बसली आणि वर आलीच नाही, बाजूला कलंडली. मी धावले. उचलून आजारपणाच्या खोलीत नेलं. चौदा वर्षांची मुलगी, हातात काही असल्यासारखं वाटलं नाही. ओठ पांढरे, बोटं गार.

डॉक्टरीणबाई आल्या. थोडं थोडं दूध पाजल्यावर तिने सांगितलं की काल दुपारपासून पोटात काही नाही. परवाही नव्हतं. मी विचारलं, वहीत तर रोज अंडं लिहितेस. ती छताकडे बघत राहिली.

मापबाई आली तेव्हा दारातच तिला सांगितलं, ही खात नाहीये गं, वही खोटी आहे. तिने माझ्याकडे न बघता मुलीचं दप्तर उचललं. म्हणाली, "माझ्या मुलीचं काय खरं आणि काय खोटं ते मला माहीत आहे." आणि तिला घेऊन गेली. मी कॉरिडॉरमध्ये उभी होते, हातात मुलीचा एक बूट.

मंगळवार, १२ सप्टेंबर

वर्ग बंद.

मुख्याध्यापिकांनी बोलावून पत्र वाचायला दिलं. संस्थेला लिहिलेलं, एक पानभर. कवायतीच्या बाई उपाशी मुलींकडून वजनं उचलून घेतात. मुलीची प्रकृती नाजूक असल्याची पूर्वसूचना अनेकदा दिली असूनही त्यांनी हट्टाने तिला वर्गात उभं केलं. प्रसिद्धीच्या हव्यासापायी. खालची सही बघायची गरज नव्हती. तो 'प्र' मी एकोणीस वर्षं ओळखते.

पूर्वसूचना? कधी? कुठे? मी तिच्या मागे मागे फिरून विचारत होते, तीच तोंड उघडत नव्हती. तिचं नाव आधी लिहा म्हणणारी कोण? पिशव्या कोणी शिवल्या?

मुख्याध्यापिका म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत खोलीला कुलूप. मला काय म्हणायचंय ते लेखी द्या.

बुधवार, १३ सप्टेंबर

काही लिहून देणार नाही. काय लिहू? परक्याने दगड मारला तर डोकं फुटतं. हिने घरात येऊन, माझ्या ताटात जेवून मारला.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "ती उगीच लिहिणारी नाही. आधी काय झालं ते आठव." मी म्हटलं, तू तिच्या डब्याला जागतेस. आईने तोंड फिरवलं. आता घरातही कोणी माझ्या बाजूचं नाही.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

गृहशास्त्राच्या खोलीत गेले. ती कपाट आवरत होती. मी म्हटलं, खोटं का लिहिलंस, एवढंच सांग.

ती म्हणाली, "मी एक पत्र लिहिलं. तू किती जणींना सांगितलंस ते मोज."

मी विचारलं, काय सांगितलं, कोणाला? तिने कपाटाचं दार लावलं आणि तास घ्यायला निघून गेली.

मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. आकडा आजपर्यंत तोंडातून गेलेला नाही. वेड लागलंय तिला, किंवा स्वतःचं झाकायला माझ्यावर ढकलतेय.

मंगळवार, २६ सप्टेंबर

टाकी मैदानावर येऊन उभी राहिली. वर्ग कधी सुरू होणार? मी म्हटलं, मोठ्यांचं भांडण आहे, मिटलं की. ती बुटाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, काडीचं काही चुकलं नाही, बाई, दिवा-दिवा करून सगळ्यांनी तिला जीव नकोसा केला होता.

मी विचारलं, दिवा म्हणजे?

टाकीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी लपवतेय. म्हणाली, "दिव्याखाली अंधार, बाई. मापबाई दिवा, आणि काडी अंधार. चित्रकलेच्या तासाला मुलींनी ऐकलं. मग तिला पण दिवाच म्हणायला लागल्या. तुमच्यासमोर पण म्हणायच्या. तुम्ही हसायचात, म्हणून आम्हाला वाटलं..."

मी तिला वर्गात पाठवलं. मग शिट्टी वाजवायला तोंडाशी नेली आणि का वाजवायची तेच आठवेना.

बुधवार, २७ सप्टेंबर

चित्रकलेच्या बाईंना गाठलं. गळ्याला हात लावून शपथ घेतली होती ना? त्या म्हणाल्या, त्यांनी फक्त एका बाईंना सांगितलं, विश्वासातल्या, रंग कालवता कालवता. मुली मागे उभ्या असतील हे कसं कळणार? मी म्हटलं, विश्वासघात म्हणतात याला. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मला तरी कोणी सांगितलं होतं? मी सहीबिही काही केली नव्हती."

घरी आल्यावर जुलैचं पान काढलं. लिहिलंय, अर्धं वाक्य. मन जरा हलकं झालं. माझंच अक्षर, माझीच शाई. आणि ऑगस्टचं पान. 'मीही हसले.'

काडीची ती वही उंच धरून मी अख्ख्या वर्गाला दाखवली होती.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. मी म्हटलं, नाव घेतलं नव्हतं, आकडाही सांगितला नव्हता. त्यांनी खणातून माझ्या सहीचा कागद काढला आणि टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवला. वाचायला सांगितलं नाही. मी वाचला. 'पाहिलेले, ऐकलेले, त्यावरून समजलेले.' त्यावरून समजलेले हे शब्द मी जुलैत वाचलेच नव्हते.

त्यांनी निळी वही मागितली. मी पिशवीतून काढून दिली. म्हणाल्या, चौकशीत त्या खरं तेच सांगतील, की मुलगी व्यायामाने पडली नाही, उपासाने पडली. वर्ग सुरू व्हावा म्हणून भांडतील. पण वर्गावर मी नसेन. चाळीस मुलींनी आपलं शरीर आमच्या हवाली केलं होतं, बाई, असं म्हणाल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत.

येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात होती. मी अर्धं वाक्य बोलले. तिने पानभर खोटं लिहिलं. आणि बाहेर मी.

रविवार, ८ ऑक्टोबर

मापबाईच्या घरी गेले. आईने पाठवलं असं म्हणू शकते, पण ते खरं नाही. मला पत्राचा जाब हवा होता आणि माफीही मागायची होती. दोन्ही एका तोंडाने कसं करायचं ते जिना चढेपर्यंत ठरलं नाही.

दार काडीने उघडलं. म्हणाली, या, बाई. या घरात आजवर मी मावशी होते.

मापबाई इस्त्री करत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच सांगितलं, ते शब्द माझे होते.

"मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे," ती म्हणाली.

मग मला विचारलं का नाहीस?

"तू येऊन सांगशील म्हणून थांबले. महिनाभर थांबले. तू रोज यायचीस आणि वर्ग किती छान चाललाय ते सांगून जायचीस."

मी विचारलं, आणि पत्रातलं? ती पूर्वसूचना?

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. "खोटं आहे ते. तू तिला हलकीच पिशवी द्यायचीस, मला माहीत आहे. ती घरी खात नाही हेही मला कळलं होतं. मी ताटात मोजून वाढायचे, ती रुमालात बांधून न्यायची. मला दिसायचं आणि मी बघितलं नाही असं करायचे. गृहशास्त्राची बाई ना मी." मग म्हणाली, "तुला लागावं म्हणूनच लिहिलं. लागलं ना?"

मी म्हटलं, लागलं.

काडी आतल्या दारात उभी होती. तिच्याकडे बघून मी म्हटलं, तू खाणं का सोडलंस, बाळ? ती आईकडे बघत बोलली, माझ्याकडे नाही. साखर खाण्यातून येते, मग खाल्लंच नाही तर येणार नाही, असं तिला वाटलं. "पुढची तपासणी डिसेंबरात होती. तोपर्यंत आकडा खाली आणला असता तर आईला कोणी दिवा म्हटलं नसतं."

मापबाईने घडी केलेला गणवेश उचलला आणि तोंडावर धरला. मी तिच्याजवळ जायला पाऊल टाकलं. काडी मधे आली. ओरडली नाही, ढकललं नाही, फक्त मधे उभी राहिली. मग मीच चपला घातल्या.

सोमवार, ९ ऑक्टोबर

लेखी दिलं. मी काय बोलले, कोणाशी, कोणत्या तारखेला. पत्रात मापबाईने काय खोटं लिहिलंय त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. लिहायचं मनात होतं. दोनदा लिहून खोडलं. चांगुलपणाने नाही. तिने स्वतः येऊन खोडावं, असं मला वाटतंय अजून.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

वर्ग सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी एक व्यायामोपचारवाली मुलगी पाठवली आहे, तरुण, केस कापलेली, उठाबशांना काहीतरी दुसरंच नाव घेते. पिशव्या त्याच वापरतात. मला पुन्हा मैदान आणि कवायत. आज गणिताच्या बाई तास मागायला आल्या, मी देऊन टाकला.

मापबाईने संस्थेला दुसरं पत्र दिलं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. माझ्याबद्दलचा मजकूर चुकीच्या माहितीवर होता, एवढंच. चुकीची माहिती. तिची दोन पत्रं, माझा एक जबाब, सगळं एकाच फाईलमध्ये बांधलंय. शिक्षकखोलीत तिने खुर्ची खिडकीकडे नेली आहे. माझ्या शेजारी जागा रिकामी असते, तिथे कोणी बसत नाही.

काडीला रोज दहा वाजता शेजारच्या रिकाम्या वर्गात बसवून टाकी डबा खायला लावते. खिडकीतून दिसतं. टाकी गप्पा मारत दोन अंडी स्वतः खाते आणि एक तिच्या पुढ्यात सरकवते. मोजत नाहीत.

आई हल्ली पाटावरून एका हाताच्या आधाराने उठते. रोज सकाळी खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करून घेते मी तिच्याकडून. वाढवून अकरा म्हटलं की मला म्हणते, दहा म्हणालीस ना?

मंगळवार, १२ डिसेंबर

दुसरी मोजणी होती. खोलीचं दार लावलेलं. मी मैदानावर आठवीला पळवत होते आणि डोळा दाराकडे. एकेक करून मुली बाहेर येत होत्या, कोणी हात झटकत, कोणी मनगट चोळत.

काडी बाहेर आली ती सरळ मैदानात. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. अंग अजून तसंच बारीक, पण मान वर होती.

म्हणाली, "बाई, माझी पकड वाढली."

माझ्या तोंडाशी आलं होतं, किती?

तिला ते दिसलं. तिने मूठ मिटली, पाठीमागे नेली.

"किती ते सांगणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, नको सांगूस.

ती वळून गेली. आठवीच्या मुली पळायच्या थांबून बघत होत्या. त्यांना मी अजून दोन फेऱ्या मारायला सांगितल्या.